न नेलेल्या कवळ्यांचा खण

शाहूपुरी, कोल्हापूर
२ डिसेंबर २०२४

ती. श्रीपाल आज्जांना,
ऐश्वर्याचा नमस्कार आणि जय जिनेंद्र.

कोडोलीच्या विठाबाई गेल्या. त्यांचा मुलगा बाळासो आज सकाळी दवाखान्यात आला होता, त्यानंच सांगितलं. आज त्यांचं दहावं होतं.

साडेनऊ वाजले होते. राजवर्धन सर दहाला येतात. मी एकटीच ट्रे पुसून ठेवत होते. बाळासो जिन्यातूनच बोलत वर आला. डोकं नुकतंच भादरलेलं, खांद्यावर ओला टॉवेल, खाली मोटरसायकल चालूच ठेवलेली.

"आईची कवळी द्या पटाक्कन. वारणेवर माणसं बसल्यात. दोन तास झालं, कावळा शिवंना."

मला आधी काही कळेचना. आपल्यात पिंड नाही की कावळा नाही. मी म्हटलं, "कसला कावळा?" तो माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मीच परगावची आहे.

"सगळं बोलून झालं ओ. म्हस इकणार न्हाय म्हणून सांगितलं. धाकटीचं लगीन करून देतो म्हणून सांगितलं. कावळं बसल्यात पलीकडं बाभळीवर, पर एक खाली येईना. मग आत्ती म्हणली, अरं वैनीचं दात राहिलं की!"

सप्टेंबरात त्यांची कवळी तयार झाली होती. दोनदा निरोप दिला, पण न्यायला कुणी आलं नव्हतं. मी खणातून डबी काढून दिली. साडेदहाला त्याचा फोन आला. केळीच्या पानावर पिंडाशेजारी कवळी ठेवली आणि दोन कावळे एकदम उतरले म्हणे. मागं बायका रडत होत्या, तो आवाज फोनवर येत होता.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंस."

आज्जा, फेब्रुवारीत नीटचा फॉर्म निघेल. बाबांचं म्हणणं तुम्हाला माहीतच आहे: आधी वर्षभर दवाखान्यात उभी राहा, लोकांची तोंडं बघ, मग दंतवैद्य व्हायचं का ते ठरव. आज पहिल्यांदा वाटलं की हे काम मला जमतं.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळं पत्र लिहायची सवय लागली. बरं वाटतं.

तुमची,
ऐश्वर्या


आजरा
७ डिसेंबर २०२४

चि. ऐश्वर्या,
अनेक आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. विठाबाईंना मी ओळखत नव्हतो, पण ज्याच्यासाठी कवळी होते तो माणूस कवळी करणाऱ्याला थोडाफार नातेवाईकच असतो. चाळीस वर्षं कोल्हापुरात मी तेच केलं. पेशंटची तोंडं डॉक्टरांनी पाहिली, मी त्यांचे प्लास्टरचे साचे पाहिले. रस्त्यात कुणी हसलं तर नाव आठवायचं नाही, पण जबडा आठवायचा. कवळ्या घासायच्या लेथशेजारी बसून बसून कान गेले तरी ते अजून जात नाही.

कावळ्याचं मी ऐकून आहे. आपल्यात नसलं तरी ज्यांच्यात आहे त्यांना ते फार असतं. त्याला हसू नकोस.

आता एकच विचारतो. नोव्हेंबरच्या पत्रात तू लिहिलं होतंस की खणातली कोडोलीची नवी कवळी सरावाला घेऊन तू तिच्यावर मशीन चालवलंस. खालचा जबडा मधोमध कापलास, कडा घासल्यास आणि हात अजिबात थरथरला नाही. मी तुला शाबासकी दिली होती.

कोडोलीच्या किती कवळ्या होत्या त्या खणात?

तुझा,
श्रीपाल आज्जा


कोल्हापूर
१२ डिसेंबर २०२४

ती. आज्जा,

एकच होती.

तुमचं पत्र दोन दिवस दप्तरात घेऊन फिरले. क्लासचे सर मेंडेल शिकवत होते आणि माझ्या डोक्यात तेवढा एक प्रश्न.

कापली ती विठाबाईंचीच. राजवर्धन सरांनी सरावाला जुन्या कवळ्या घ्यायला सांगितलं होतं. त्या पिवळ्या पडलेल्या, चार-पाच वर्षांच्या. पण तुम्ही लिहिलं होतं की जुनं अॅक्रिलिक ठिसूळ होतं, तडकतं, हात बसवायचा तर नवंच घे. आणि तीन महिने न्यायला आलं नाही म्हणजे माणूस गेला असं धरायचं, असंही लिहिलं होतं. तुमच्यावर ढकलत नाही. नाव मी वाचलं होतं. सप्टेंबर लिहिलेलं वाचलं होतं. तीन महिने झाले नव्हते हेही मला कळत होतं. ती गुलाबी आणि गुळगुळीत होती, म्हणून घेतली.

मी ती एकवीस नोव्हेंबरला कापली. त्या तेवीस तारखेला गेल्या. मधले दोन दिवस मी सारखे मोजते. मी कापत होते तेव्हा त्या कोडोलीत बसून काहीतरी खात असतील, हिरड्यांनी.

बाळासो दारात उभा होता आणि मी खण उघडला. तिसऱ्या डबीत एक चांगली कवळी होती. 'बयाबाई, जोतिबा, मार्च.' मी म्हटलं, आठ महिने झाले, या तर गेल्याच असतील. ती कवळी विठाबाईंच्या डबीत घातली, झाकण लावलं आणि दिली. वीस सेकंद लागली असतील. तेव्हाही हात थरथरला नाही.

मला वाटलं होतं, कावळ्याला काय कळतंय. आणि खरंच, त्याला काही कळलं नाही. पण आता दवाखान्याच्या खिडकीत कावळा बसला की मी तिकडं पाठ करते.

कापलेले दोन तुकडे माझ्याकडं आहेत. टाकायचा धीर होत नाही. जुळवून बघते तर मधे फट राहते. आधी एवढी नव्हती असं वाटतं.

सरांना सांगू का?

ऐश्वर्या


आजरा
१७ डिसेंबर २०२४

चि. ऐश्वर्या,

सांगू नकोस.

मेलेल्याला चावायचं नसतं. पिंडावर जे ठेवलं ते त्या घरानं मनापासून ठेवलं, त्यांचं समाधान झालं. आता तू खरं सांगून कुणाचं भलं करणार? डॉक्टर तुला उद्यापासून येऊ नकोस म्हणतील, आणि कोल्हापुरातले दवाखाने एकमेकांना विचारल्याशिवाय कुणाला उभं करत नाहीत. तुझं वर्ष जाईल. हात चांगला आहे तुझा. एका चुकीवर हात वाया घालवू नये.

तुकडे पंचगंगेत सोड. तेवढं तरी मोकळं होशील.

यापुढं खण उघडलास की डबीवरचं नाव वाच. मनात नाही, मोठ्यानं वाच. मी वाचायचो. का वाचायचो ते विचारू नकोस.

आणि ती जोतिबाची बाई आठ महिन्यांत आली नाही म्हणजे गेलीच असणार. हे वाक्य लिहून मी खोडणार होतो. असू दे.

इथं धुकं फार पडतंय. काजूला मोहोर लागायचे दिवस आलेत.

श्रीपाल आज्जा


कोल्हापूर
१३ जानेवारी २०२५

ती. आज्जा,

महिनाभर लिहिलं नाही. तुमचं ऐकून गप्प बसले होते. तुकडे घेऊन पंचगंगेवरही गेले होते. घाटावर कुणाचं तरी दहावं चाललं होतं, तशीच परत आले.

दोन गोष्टी झाल्या. आधी पहिली सांगते.

नाताळच्या आदल्या दिवशी विठाबाईंची सून आली, तेजस्वीवहिनी. दाढ दुखत होती. सरांनी रूट कॅनाल सुरू केलं, सक्शन मी धरलं होतं. झाल्यावर त्या गेल्याच नाहीत, गाल धरून बाकावर बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तूच दिलीस न्हवं कवळी?"

मी मान हलवली.

"सासूबाईंनी दोनदा सांगितलं हुतं, कुणीतरी जाऊन दात आणा गं. म्या म्हणलं, आता दात घिऊन कुणाला चावायचं हाय तुम्हाला? हसत म्हणलं हुतं गं. त्या बी हसल्या. परत काय मागितलं न्हाय."

मी हातातला ट्रे बाकावर ठेवला.

"नदीवर दोन तास सगळ्या बायका माझ्याकडं बघत हुत्या. कावळा शिवंना म्हणजे सुनंचंच काय तर ऱ्हायलं असणार, कुणी तोंडानं म्हणलं न्हाय एवढंच. ती कवळी ठेवली आणि शिवला. त्यादिवशीपासनं दोन घास गोड लागतात." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. हातमोजे तसेच होते, त्यांचंच रक्त लागलेलं. "तुझ्या हातानं सुटले बघ."

कवळी त्यांनी नदीत सोडलेली नाही. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवली आहे, कापडात गुंडाळून. अमावस्येला दूधभात दाखवतात.

आता दुसरी. शुक्रवारी दुपारी काठी टेकत एक आजी आल्या. कपाळभर गुलाल, बरोबर नात. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "बयाबाई म्हणत्यात मला, जोतिबाची. माझं दात तयार हायत न्हवं?"

आज्जा, मी या बाईंना मेलेलं धरलं होतं. त्या माझ्यासमोर बसून नातीला दटावत होत्या.

मार्चात मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून इस्लामपूरला लेकीकडं पडून होत्या. आता बऱ्या झाल्या. डोंगरावर त्यांचं गुलाल-नारळाचं दुकान आहे. म्हणाल्या, "दात न्हाईत तर हाक फुस्स जाती गं बाय. शेजारची टवळी माझं गिऱ्हाईक वडून नेती. चैताच्या जत्रंला तरी तोंड भरलेलं पायजे."

सर आत होते. मी म्हटलं, "पॉलिशला पाठवलीय. पुढच्या शुक्रवारी या."

ऐश्वर्या


आजरा
१८ जानेवारी २०२५

चि. ऐश्वर्या,

पुढचा शुक्रवार काल झाला. बाई आल्या असतील आणि तू परत 'पुढच्या शुक्रवारी' म्हणाली असशील. मला माहीत आहे, कारण ते वाक्य माझं आहे.

१९८७ साली सयाजी नावाच्या वस्तादांची कवळी मी केली होती. एका तालमीत पोरांना शिकवायचे. कवळी न्यायला तीन महिने आले नाहीत. तेवढ्यात एका व्यापाऱ्याचं घाईचं काम आलं. चिनी मातीचे तसेच दात हवे होते, बाजारात मिळत नव्हते. मी सयाजीची कवळी तापवून दात काढले आणि त्याच्या कवळीत बसवले. पुढच्याच सोमवारी सयाजी दारात. गावाकडं भावाचं आजारपण काढत होते.

मी म्हटलं, पुढच्या सोमवारी या. नवे दात मागवले होते, ते आले नाहीत, आले ते मापाचे नव्हते, मग दुसरी कामं. खरं सांगायचं तर रोज जमलं असतं. पण ती कवळी हातात घेतली की मी काय केलं ते आठवायचं, म्हणून ठेवून द्यायचो. अकरा सोमवार ते आले. दारात उभे राहून विचारायचे, "झाली का वो, पावणं?" एकदासुद्धा आवाज चढवला नाही. एवढा पैलवान माणूस, तोंड बोळकं, हात मागं बांधून उभा.

बाराव्या सोमवारी आले नाहीत. महिन्यानं त्यांची बायको चिमणाबाई आली. मला वाटलं भांडेल. ती एवढंच म्हणाली की सोमवार आला की ते सकाळी लवकर आंघोळ करून, फेटा बांधून बसायचे. शेवटच्या सोमवारी फेटा बांधायला उठले ते तिथंच कोसळले, परत उठले नाहीत.

त्यानंतर मी खणातली नावं मोठ्यानं वाचायला लागलो. पुढं आणखी तीस वर्षं काम केलं. मला कुणाचंही बोलणं आता ऐकू येत नाही, तुझी आई ओरडली तरी येत नाही. पण सोमवारी सकाळी 'झाली का वो, पावणं?' तेवढं एक ऐकू येतं. दारात कुणी नसतं.

डिसेंबरात तुला जे लिहिलं ते तुझ्यासाठी लिहिलं नव्हतं, स्वतःसाठी लिहिलं होतं. मी गप्प बसलो ते बरोबरच होतं असं कुणाकडून तरी वदवून घ्यायचं होतं. नीट, फॉर्म, वर्ष, सगळं बाजूला ठेव आणि हे पत्र हातात पडलं की त्याच दिवशी डॉक्टरांना सांग. जिवंत माणसाचं तोंड आधी.

श्रीपाल आज्जा


कोल्हापूर
३० जानेवारी २०२५

ती. आज्जा,

तुमचं पत्र बावीस तारखेला मिळालं. त्याच संध्याकाळी सरांना सांगितलं. शेवटचा पेशंट गेल्यावर दोन तुकडे टेबलावर ठेवले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तुमचं नाव घेतलं नाही.

सरांनी तुकडे उचलून उजेडात बघितले. म्हणाले, "काप सरळ आहे." मग ते परत टेबलावर ठेवले.

"कवळी बदललीस तेव्हा हात थरथरला होता?"

"नाही सर."

"मला तीच काळजी आहे."

मी रडले नाही, कारण ते खरं होतं. ते म्हणाले, इंजेक्शन बघून चक्कर येणारी पोरं सुधारतात. ज्यांना काहीच होत नाही त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. खणाची किल्ली काढून घेतली. मशीनला हात लावायचा नाही. फॉर्म भरू की नको विचारलं, तर म्हणाले, "ते मला का विचारतेस? आधी दोन घरी जाऊन ये. मग तुझं तुलाच कळेल."

बयाबाईंचं घर पहिलं. मी डोंगरावर गेले, त्यांच्या दुकानात नारळांच्या पोत्यावर बसून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नातीला चहा सांगितला. मग म्हणाल्या, "म्हंजे माझं दहावं झालं म्हण की!"

मला वाटलं चेष्टा करतात. पण त्यांनी तोंडाला पदर लावला होता.

"माझ्या दातावर कावळा शिवला. आता उद्या मी गेले तर माझ्याला कोण शिवणार गं? माझं तर घेऊन गेलं की ते."

मला हसूनही दाखवता येईना आणि समजावताही येईना. गिऱ्हाईक आलं. त्यांनी गुलालाची पुडी बांधली, सुट्टे दिले. वळून म्हणाल्या, "आणि ती कोडोलीची? तिला ठावं हाय?"

"नाही."

"तिच्या सासूच्या पानावर माझं दात. अगं मग आमी दोघी कोण लागतो एकमेकीच्या?"

नवी कवळी करायला त्या तयार आहेत. मंगळवारी माप दिलं. सरांनी माप घेतलं, मी फक्त डोकं धरलं. तुम्ही येऊन दात लावून देतो म्हणालात असं आईकडून कळलं, सरांना ते चालेल. जत्रेच्या आत व्हायला हवी. पण बयाबाईंची एक अट आहे. जुनी कवळी त्यांना परत हवी. तोंडात घालायला नाही, ती त्या स्वतःच्या हातानं नदीत सोडणार आहेत. आणि ती कुणाकडून मागवून घ्यायची नाही, मी स्वतः जाऊन मागायची.

मी म्हटलं, तेजस्वीवहिनींना काय वाटेल? कावळा शिवला म्हणून त्या जेवायला लागल्यात. मी तेच काढून घेणार.

"काढून तर घेणारच की," बयाबाई म्हणाल्या. "पर एकटी जाऊन घिऊ नको. मी येते. तिला कुणीतरी सांगायला पायजे, कावळ्याला भूक लागली हुती म्हणून. त्यात तिच्या सासूचा राग न्हवता आणि लोभ बी न्हवता. ते मी सांगितलं तर तिला पटंल. मी म्हातारी हाय, मला सून हाय."

पटेल की नाही मला माहीत नाही. कदाचित त्या मला दारातूनच घालवतील. कदाचित देव्हाऱ्यापुढं बसून राहतील आणि परत तेच दोन तास त्यांच्या वाट्याला येतील. तसं झालं तर ते मी केलेलं असेल, आणि मला तिथं थांबून ते बघावं लागेल.

रविवारी सकाळी नऊच्या एसटीनं निघते. बयाबाई वाघबीळच्या फाट्यावर चढतील. तेजस्वीवहिनींना काल फोन केला. कशासाठी येतोय ते फोनवर सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की तुमच्याशी बोलायचंय. त्यांना आनंद झाला. जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाल्या. आणखी कोण आहे बरोबर, असं विचारलं.

मी सांगितलं, जोतिबाच्या एक आजी आहेत. त्यांना दात नाहीत.



"मग भात जरा मऊच करते," त्या म्हणाल्या. "लवकर या."

ऐश्वर्या